शाळेच्या दारावरचा नवा पहारेकरी



१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एक महार मुलगा प्रवेश मागावयास गेला. त्यास नकार मिळाला. तो गप्प बसला नाही. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने जो निकाल दिला तो मोठा मासलेवाईक होता. न्याय मुलाच्या बाजूस आहे हे सरकारने कबूल केले. परंतु त्या एकट्यास आत घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळा ओस पडेल, असे कारण देऊन त्यास बाहेरच ठेवले. म्हणजे वाद न्यायाचा उरला नाही, मोजणीचा झाला. एका पारड्यात एक मुलगा, दुसऱ्या पारड्यात बाकी सारा गाव. एक हरला.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचे कारण असे की ती मोजणी संपलेली नाही. तिने फक्त पोशाख बदलला आहे. तेव्हा सांगितले जात होते की एका मुलासाठी शाळा मोडता येत नाही. आता सांगितले जाते की बारा मुलांसाठी शाळा चालविता येत नाही.

२०१७ सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यात १४,७८३ आहेत आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकतात, असे तेव्हा खात्यानेच सांगितले. हिशेब करून पाहा. एका शाळेस सरासरी बारा-तेरा मुले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्याजवळील पानशेत येथील शाळा नमुना म्हणून दाखविल्या गेल्या. मोठी इमारत, सर्व विषयांचे शिक्षक, खेळाचे साहित्य आणि मुलांना नेण्या-आणण्यासाठी गाडी. चित्र सुंदर आहे. कोणास नको वाटेल?

पण तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहता. तुम्ही ते चित्र घेऊन आपल्या गावच्या वेशीवर उभे राहा आणि मग बोला. ही बारा-तेरा मुले कोणाची आहेत? पाटलाच्या वाड्यातील मुले केव्हाच तालुक्याच्या गावी, इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जातात. उरली ती बौद्ध वस्तीतील, बंजाऱ्यांच्या तांड्यावरील, कोलामांच्या पोडावरील. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी ह्या तालुक्यांतील पोडे कोणी पाहिली असतील त्यांस सांगावयास नको की पावसाळ्यात नाल्याला पूर आला म्हणजे तेथे गाडी तर सोडाच, माणूसही पोहोचत नाही. गाडी ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मुलगा घरी राहील. गाडी आठ दिवस आली नाही तर तो बापाबरोबर वावरात जाईल. आणि मुलगी? मुलगी पहिल्याच दिवशी घरी राहील. दुसऱ्या गावच्या शाळेत सात-आठ वर्षांची पोर एकटी धाडावयास किती आया तयार होतील हे शासनास ठाऊक नसेल. तुम्हांस ठाऊक आहे.

शाळा बंद होणार नाहीत, त्या फक्त एकत्र होतील, असा खुलासा केला जातो. शब्दांची ही कसरत आम्हांस नवी नाही. ज्या गावातून शाळा गेली त्या गावापुरती ती बंदच झाली. पलीकडच्या गावी ती कितीही मोठी झाली तरी अलीकडच्या पोरास त्याचा काय उपयोग?

येथे कायदा काय म्हणतो तेही पाहू. २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. हे अंतर मुलाच्या पायांनी मोजावयाचे आहे. शासनाच्या तिजोरीने मोजावयाचे नाही. मूळ कायद्यात 'पट वीस असेल तरच' असे लिहिलेले नाही. तरीही वीस हा आकडा असा फिरविला जातो की जणू तो घटनेतच लिहून ठेवला आहे.

घटनेत काय लिहिले होते ते वेगळेच आहे. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असा अनुच्छेद ४५ होता. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ह्या कलमावर चर्चा झाली तेव्हा एका सभासदाने सुचविले की हे बंधन प्राथमिक शिक्षणापुरतेच ठेवावे. बाबासाहेबांनी ती सूचना मान्य केली नाही. त्यांचे म्हणणे असे होते की चौदा वर्षांखालील मुलास कामावर लावण्यास आपण दुसऱ्या कलमाने बंदी करीत आहोत. मग त्या वयापर्यंत त्यास कोठेतरी शिक्षणात गुंतवून ठेवलेच पाहिजे. किती साधा विचार आहे पाहा. मूल कारखान्यात नको, तर ते शाळेत हवे. तिसरी जागा त्यास नाही. दहा वर्षांची ती मुदत १९६० साली संपली. मूलभूत हक्क म्हणून ती गोष्ट घटनेत यावयास २००२ साल उजाडले आणि कायदा लागू होण्यास २०१०. पन्नास वर्षांचा उशीर. ह्या पन्नास वर्षांत जी मुले चौदा वर्षांची होऊन गेली त्यांत तुमचे आजोबा असतील, वडील असतील, तुम्ही स्वतः असाल. त्या पिढ्यांचा हिशेब कोण देणार?

आणि तिसरी जागा नाही असे बाबासाहेब म्हणाले, पण आमच्या जिल्ह्यात तिसरी जागा आहे. ती जागा म्हणजे कपाशीचे वावर. दिवाळी आली की वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून जितके हात तितका पैसा. शाळेचा हजेरीपट दिवाळीनंतर कसा पातळ होतो ते कोणत्याही गुरुजीस विचारा. आई वेचावयास गेली म्हणजे धाकट्यास सांभाळण्यासाठी थोरली घरी राहते, आणि ती दहा वर्षांची झाली की तीही ओटी बांधते. मी आईस दोष देत नाही. ज्या घरात सोयाबीन बुडाले, कापसास भाव मिळाला नाही आणि सावकाराचा तगादा दारात आहे त्या घरास उपदेश करणे सोपे आहे. पण शासनास विचारावयाचे ते हेच की ज्या मुलीस गावातल्या शाळेत टिकविणेच इतके कठीण, तिला पाच मैलांवरच्या समूह शाळेत तुम्ही कसे टिकविणार?

१९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक आकडा मांडला होता. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात ती अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. आज चौदा आणे राहिले नाहीत. पण दारूचा महसूल राहिला आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठविली. बुडालेल्या महसुलाचा हिशेब त्या वेळी पुढे करण्यात आला. आमच्या जिल्ह्यातील बायकांनी दारूबंदीसाठी किती मोर्चे काढले ते तुम्ही पाहिलेच आहे. ज्यांच्या हिशेबात बारा मुलांची शाळा परवडत नाही, त्यांच्या हिशेबात गावचे दारूचे दुकान मात्र परवडते, ही गोष्ट नजरेआड करू नका.

आता थोडे कटू बोलतो. राग आला तरी वाचा.

पट कमी झाला तो सगळा शासनानेच केला काय? नाही. आमच्यातील ज्यांस नोकरी लागली, ज्यांच्या हाती चार पैसे आले, त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आपले मूल पहिल्यांदा काढले. गावच्या शाळेत मास्तर शिकवीत नाहीत, इंग्रजी येत नाही, मुले असंस्कृत आहेत, असे त्यांनी सांगितले. 'असंस्कृत' हा शब्द आम्हांस कोण लावीत होते ते ते विसरले. मग त्यांच्या मागोमाग मजुरी करणाऱ्यानेही कर्ज काढून मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले. तेथील मास्तर बहुधा डी.एड. झालेला नसतो, त्याचा पगार जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नसतो. पण गळ्यात टाय आहे, म्हणून आम्ही भुललो. दोन वर्षांनी फी थकते, तिसऱ्या वर्षी मूल परत येते आणि तोवर गावच्या शाळेचा पट वीसच्या खाली गेलेला असतो.

खाजगी शाळांत गरिबांसाठी पंचवीस टक्के जागा आहेत, हे खरे. पण त्या जागांवरही २०२४ च्या फेब्रुवारीत घाला आला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला ह्या जागांतून मोकळीक देणारा नियम शासनाने काढला. तोंडाने सरकारी शाळेचा अभिमान आणि हाताने गरिबाच्या पोरास खाजगी शाळेच्या दारातून परत लावणे! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो नियम रद्द ठरविला. म्हणजे एकीकडे जवळ सरकारी शाळा आहे म्हणून खाजगी शाळेत जागा नाही, आणि दुसरीकडे पट नाही म्हणून ती जवळची सरकारी शाळाही नाही. गरिबाने जावे कोठे?

समजा, तुमचा मुलगा ह्या सर्वांतून पार पडला आणि मॅट्रिक झाला. पुढे काय?

आमच्या जिल्ह्यात महाविद्यालये नाहीत असे मुळीच नाही. यवतमाळात अमोलकचंद महाविद्यालय आहे, पुसदला फुलसिंग नाईक महाविद्यालय आहे, वणीला लोकमान्य टिळक महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीची महाविद्यालये यवतमाळ आणि पुसद येथे आहेत आणि १९८९ पासून यवतमाळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यापीठ मात्र अमरावतीस. तेही १९८३ साली नागपूरपासून वेगळे झाले तेव्हा. ह्या जिल्ह्याने महाराष्ट्रास दोन मुख्यमंत्री दिले, दोघे मिळून तेरा वर्षांच्या आसपास गादीवर होते. तरी वणीच्या किंवा उमरखेडच्या मुलास जिल्ह्याच्या गावी पोहोचावयाचे तर शंभर किलोमीटरच्या पलीकडे जावे लागते. वणीचा मुलगा म्हणून चंद्रपुरास जातो, उमरखेडचा नांदेडास जातो. ते असो. महाविद्यालय आहे किंवा नाही हा खरा प्रश्न नव्हे. त्या गावी मुलगा राहणार कोठे आणि खाणार काय, हा खरा प्रश्न आहे.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. न मिळाली तर 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. २०१६-१७ पासून ही योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षास ६०,००० रुपये, इतर महसुली विभागीय शहरे व महापालिकांसाठी ५१,००० आणि यवतमाळासारख्या जिल्ह्याच्या गावासाठी ४३,००० रुपये अशी रक्कम ठरली. ह्या ४३,००० मध्ये भोजनासाठी २५,०००, राहण्यासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,००० असे भाग आहेत. भोजनाची रक्कम बारा महिन्यांत वाटली तर दिवसाला सुमारे ६८ रुपये होतात. दोन वेळांचे जेवण आणि सकाळचा चहा ह्यात बसवून दाखवा. राहण्याचे महिन्याला एक हजार. बौद्ध म्हटल्यावर खोली भाड्याने देताना घरमालकाची जीभ कशी अडखळते तो विषय वेगळाच. पण जो देतो तोही एक हजारात देत नाही.

तरी मी ह्या योजनेस वाईट म्हणणार नाही. रक्कम तोकडी आहे, पण ती वेळेवर मिळाली तर कित्येक मुले तरून जातील. दुखणे तेथेच आहे. जेवण रोज लागते आणि पैसा वर्ष संपल्यावर येतो. मधल्या काळात मुलगा काय करतो ते तुम्ही जाणता. तो मेसवाल्याकडे उधारी ठेवतो, मग मेस बदलतो, मग एका वेळेवर येतो, मग रात्री एखाद्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर काम धरतो आणि सकाळच्या तासाला झोपतो. परीक्षेत तो नापास झाला म्हणजे लोक म्हणतात, सवलत देऊनही ह्यांना शिकता येत नाही!

शिष्यवृत्तीचेही तसेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ही २०१३ साली ठरली. त्यानंतर गहू, तेल, बसभाडे, सारे वाढले. मर्यादा त्याच जागी बसून राहिली आणि ती ओलांडणारा चपराशी किंवा अंगणवाडी सेविकेचे घर एकदम 'श्रीमंत' ठरले. पूर्वी शुल्काची रक्कम महाविद्यालयाकडे जात असे. २०२१-२२ पासून केंद्राचा साठ टक्क्यांचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. हेतू चांगला होता. मधल्या मध्ये पैसा गिळणाऱ्या संस्था होत्या, त्यांस आळा बसावा. पण परिणाम असा की काही संस्था आता प्रवेशाच्या टेबलावरच म्हणतात, आधी शुल्क भरा, पैसा आला की तुमचा तुम्ही घ्या. असे शुल्क मागू नये अशी शासनाची परिपत्रके आहेत. परिपत्रक कचेरीत असते आणि बाप टेबलासमोर उभा असतो.

किती लहान रकमेने किती मोठे दार बंद होते त्याचे उदाहरण साऱ्या देशाने २०२४ साली पाहिले. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाने धनबादच्या आयआयटीत जागा मिळविली. १७,५०० रुपये भरावयाचे होते. ते मुदतीच्या शेवटच्या घटकेपर्यंत जमत राहिले आणि पैसे भरण्याच्या आत यंत्रणेने दार लावून घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्यास प्रवेश द्यावयास लावले. त्या मुलाचे आम्ही अभिनंदन करतो. पण प्रत्येक मजुराच्या मुलाने शिकण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावयाचे काय?

आता कागदांकडे येतो, कारण आपल्या घरांना सर्वांत जास्त गांजणारी गोष्ट ती आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा यवतमाळ जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तो मुंबई राज्यात आला. दीक्षा घेतलेल्यांस लगेच कळून चुकले की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे केंद्राच्या दृष्टीने ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत. आदल्या दिवशी जो मुलगा शिष्यवृत्तीस पात्र होता तो दुसऱ्या दिवशी अपात्र झाला. त्याचे झोपडे तेच होते, गावची विहीर तीच होती, वागणूक तीच होती. बदलला होता तो फक्त त्याच्या बापाने सन्मानाने घेतलेला निर्णय. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्याने नवबौद्धांस आपल्या सवलती लागू केल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त केला. चौतीस वर्षे! ज्यांनी दीक्षेच्या वर्षी बाळाला कडेवर घेऊन नागपूर गाठले त्यांचे बाळ ह्या काळात चौतीस वर्षांचे होऊन गेले. केंद्राच्या नोकरीची, केंद्राच्या शिष्यवृत्तीची त्याची संधी निघून गेली. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ह्या भीतीने मुलाच्या नावापुढे शाळेत 'हिंदू' लिहिले. त्यांस आज दूषण देणे सोपे आहे. मी देणार नाही. पोराची फी आणि स्वतःची प्रतिज्ञा ह्यांतून एक निवडावयास ज्या राज्यव्यवस्थेने त्यांस लावले, दूषण तिला द्यावे.

त्या वेळच्या त्या नोंदी आज आपल्यापुढे उभ्या राहतात. व्यवसायशिक्षणाच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा: कुटुंब येथलेच आहे आणि मूळ जात अमुक आहे, असा. पुरावा म्हणजे काय? आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. पाहा, ह्यात काय दडले आहे ते! ज्या पणजोबास शाळेत येऊ दिले नाही त्याचा शाळेचा दाखला आणा, म्हणजे पणतूस महाविद्यालयात येऊ देऊ. शाळेबाहेर ठेवले हाच तर त्याच्या जातीचा सर्वांत पक्का पुरावा होता. पण तो कोणत्या रजिस्टरात लिहून ठेवतात?

मग कोतवाल बुकाची नक्कल शोधण्याची धावपळ सुरू होते. गावच्या जन्ममृत्यूच्या त्या जुन्या नोंदी बहुधा आपल्याच कोणा कोतवालाच्या तोंडून लिहिल्या गेलेल्या. तहसिलीतील दप्तर जीर्ण झालेले, काही पाने वाळवीने खाल्लेली, काही मोडी लिपीत. मोडी वाचणारा मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत संपते. एका नोंदीत आजोबांचे नाव 'गणू', दुसरीत 'गणपत'. झाले, प्रकरण तहकूब. शेताचा सातबारा असलेल्या घरास हे सारे सोपे जाते, कारण जमिनीच्या कागदावर चार पिढ्यांची नावे असतात. आमच्याकडे जमीन नव्हती, म्हणून कागद नाही. कागद नाही, म्हणून शिक्षण नाही.

म्हणून सांगतो, मुलगा बारावीस गेल्यावर ही धावपळ करू नका. तो पाचवीत असतानाच नक्कल काढून ठेवा. शाळेत नाव घालताना धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, त्यात भीड धरू नका. पण मूळ जातीची नोंद कशी हवी ते त्याच दिवशी मुख्याध्यापकांना विचारून घ्या. जातीच्या रकान्यातही नुसतेच 'बौद्ध' पडले की पुढे प्रमाणपत्र अडते, आणि एकदा पडलेली नोंद दुरुस्त करणे म्हणजे वर्षभराच्या खेटा. जी जात आम्ही टाकली तिचे नाव लिहावयास मन घेत नाही, हे मी जाणतो. ती जात आम्ही मानतो म्हणून नव्हे, तिच्या नावाने आमच्यावर जे केले गेले त्याची भरपाई मागावयाची आहे म्हणून ती नोंद हवी.

भरपाई हा शब्द मी जाणून वापरतो. शिष्यवृत्तीस 'खिरापत' म्हणणारे लोक जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेले निवेदन वाचीत नाहीत. सरकारी महसूल भरतो शेतकरी व कष्टकरी, आणि त्या पैशावर वरचे शिक्षण घेतात ते वरच्या वर्गाचे लोक, असे फुल्यांनी तेव्हा सांगितले. तेव्हा कोणी त्या वरच्या वर्गास सवलतीवर शिकलेले म्हटले नाही.

दूरच्या एका देशाची गोष्ट सांगतो. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशाची राजधानी ब्यूनस आयर्स येथील सरकारी विद्यापीठ १८२१ साली स्थापन झाले. त्या देशात १९१८ साली कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांनी बंड केले. विद्यापीठ मूठभर घराण्यांची मालमत्ता नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४९ साली सरकारी विद्यापीठांतील शुल्क काढून टाकण्यात आले. मोलकरणीचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा तेथे एकाच वर्गात फुकट बसतात. ह्या विद्यापीठातून शिकलेल्यांना विज्ञानाची तीन नोबेल पारितोषिके मिळाली. त्यांपैकी सेसार मिलस्टाइन हे परदेशांतून आलेल्या यहुदी कुटुंबातले. २०२४ सालच्या एप्रिलात सरकारने विद्यापीठांचा पैसा आवळला तेव्हा लाखो लोक राजधानीच्या रस्त्यावर उतरले. त्यांत विद्यार्थी होते, म्हातारे होते आणि ज्यांच्या घरातून कोणीच अजून विद्यापीठात गेलेले नाही असेही होते. शेजारच्या चिली देशात उलट घडले. लष्करी राजवटीने १९८१ पासून विद्यापीठांत शुल्काचा कारभार आणला, घरे कर्जात बुडाली, २०११ साली सान्तियागोचे विद्यार्थी महिनोन्महिने रस्त्यावर राहिले आणि २०१६ पासून गरीब घरांतील मुलांचे शुल्क माफ करणे सरकारला भाग पडले. कोणी मला म्हणेल, तेथे जात नाही, तेथचे दाखले येथे कशाला? जात नसेल, दारिद्र्य आहे. ब्यूनस आयर्सच्या झोपडवस्तीतील पुष्कळ मुले त्या फुकट विद्यापीठाच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण त्यांची शाळा मधेच सुटते. म्हणजे वर दार सताड उघडे ठेवले तरी खालची पायरी मोडली असेल तर गरीब वर चढत नाही. आमच्याकडे पायरीही मोडीत आहेत आणि दारावर शुल्कही बसवीत आहेत.

तेव्हा ह्या जूनमध्ये करावयाचे ते सांगतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी प्रत्येक गावच्या बौद्ध वस्तीने घरोघर जाऊन सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची यादी करावी. त्या यादीत तांड्यावरची आणि पोडावरची मुलेही घ्यावी; शाळा आपली एकट्याची नव्हे आणि लढाईही एकट्याने जिंकावयाची नाही. ज्या गावात पट वीसच्या आसपास आहे तेथे ज्यांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात त्या आपल्या नोकरदार बंधूंच्या घरी आधी जावे, मग शासनाच्या दारी जावे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. ह्या समितीच्या सभेला किती बौद्ध आया जातात? सभेची नोटीस आली की अंगठा द्यावा आणि घरी यावे, असे चालणार नाही. शिक्षकांच्या रिकाम्या जागेची नोंद त्या सभेच्या पुस्तकात करून घ्यावी आणि तिची प्रत पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांस पोहोच घेऊन द्यावी. ग्रामसभेत शाळा हलविण्याचा ठराव आला तर विरोध नावानिशी लिहून घ्यावा. तोंडी विरोधाची कागदावर खूण राहत नाही.

जयंतीच्या वर्गणीविषयीही एक शब्द. डी.जे. लावणाऱ्या गाडीचे एका रात्रीचे भाडे आणि यवतमाळात शिकणाऱ्या एका मुलाचे तीन महिन्यांच्या मेसचे पैसे ह्यांत फार फरक नाही. शासनाची रक्कम येईपर्यंतची उधारी त्या मुलाने मेसवाल्याकडे ठेवू नये, विहाराच्या पेटीकडे ठेवावी. रक्कम आली की त्याने ती परत करावी. ज्या ज्या विहाराने अशी पेटी सुरू केली असेल त्यांनी किती मुलांना किती रुपये दिले आणि किती परत आले, ते ह्या पाक्षिकाकडे लिहून पाठवावे. नावे छापणार नाही, आकडे छापू.